साठीशांत ते अमृतमहोत्सव : महाराष्ट्रातील वार्धक्याच्या कौटुंबिक उत्सवांचा विचार

धर्मशास्त्राने सांगितलेल्या सोळा संस्कारांची यादी पाहिली असता एक विषमता चटकन ध्यानात येते. गर्भाधानापासून विवाहापर्यंतच्या पंचवीसेक वर्षांत संस्कारांची दाटी आहे. विवाहानंतर मात्र अंत्येष्टीपर्यंत जवळजवळ रिकामा असा दीर्घ कालखंड पसरलेला दिसतो. जन्म, नामकरण, अन्नप्राशन, चौल, उपनयन, विवाह हे सारे प्रसंग वाढत्या वयाचे आहेत. ज्याचे वय वाढून झाले आहे, त्याच्या वाट्याला संस्कार म्हणून काहीच उरत नाही. महाराष्ट्रातील घरांनी हा रिकामा कालखंड कसा भरून काढला, वार्धक्य हा उत्सवाचा विषय केव्हा व कशामुळे झाला, आणि हा उत्सव नेमका कोणाच्या वार्धक्याचा होता, हे तीन प्रश्न प्रस्तुत निबंधात विचारार्थ घेतले आहेत. विवेचनाचा भर एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील मराठी हिंदू मध्यमवर्गावर आहे. कारण या विषयासंबंधीची लिखित साधने मुख्यतः त्याच वर्गाने मागे ठेवली आहेत.

प्रथम शास्त्राची बाजू पाहणे इष्ट ठरेल. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाने वनाकडे केव्हा वळावे याची तीन लक्षणे दिली आहेत : अंगावर पडलेल्या सुरकुत्या, पिकलेले केस आणि अपत्याचे अपत्य. अर्थात नातवाचे मुख दिसणे ही, या दृष्टीने, घर सोडण्याची सूचना आहे. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र फारच थोड्यांनी हा मार्ग स्वीकारला असला पाहिजे. पुढे वानप्रस्थाश्रमाची गणना कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात त्याज्य ठरविलेल्या आचारांत, झाली. आणि वृद्धाने घरातच राहावे या लोकरूढीला शास्त्राची संमती मिळाली. वृद्ध घरात राहिला खरा; परंतु घरात राहणाऱ्या वृद्धासाठी शास्त्रापाशी आनंदाचा असा स्वतंत्र विधी नव्हता. जो होता तो शांतीचा होता.

शांती या शब्दाचा मूळ अर्थ येथे विसरता कामा नये. शांती ही अरिष्टाच्या निवारणासाठी केली जाते. मूळ नक्षत्रावर मूल जन्मल्यास शांती, ग्रह प्रतिकूल असल्यास शांती, आणि त्याच न्यायाने विशिष्ट वयाचा उंबरठा ओलांडतानाही शांती. साठ वर्षे पूर्ण झाली असता करावयाची ती उग्ररथ शांती. सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या सातव्या महिन्यातील सातवी रात्र ही भीमरथी म्हणून मानली गेली आणि तिच्या नावाने भीमरथी शांती. पुढे ऐंशी वर्षे उलटल्यावर सहस्रचंद्रदर्शन. उग्ररथ, भीमरथी ही नावेच भयसूचक आहेत. या वयात मृत्यू समीप येतो, त्याला काही काळ थोपवावे, हा या विधींचा हेतू. म्हणूनच त्यांत मृत्युंजयाचे हवन आहे, अल्पायुषी असूनही मृत्यूला जिंकणाऱ्या मार्कंडेयाचे पूजन आहे, आणि अश्वत्थामा, बली, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप व परशुराम या सात चिरंजीवांचे आवाहन आहे. यजमानाने तुपात आपले मुख पाहून ते दान करावे, हा भागही अरिष्ट टाळण्याच्याच कल्पनेतून आला आहे.

साठाचा आकडा येथे का आला, याचे उत्तर कालगणनेत सापडते. प्रभवापासून क्षयापर्यंतच्या साठ संवत्सरांचे चक्र पुरे झाले म्हणजे जन्मवर्षाचे नाव फिरून येते. शके १७७८ मध्ये नल संवत्सर होते. तेच नाव शके १८३८ मध्ये पुन्हा आले. एक चक्र संपून दुसरे सुरू होणे म्हणजे एका अर्थी पुन्हा जन्म घेणे होय. आणि जन्माप्रमाणेच त्यातही धोका आहे, अशी ही समजूत. सहस्रचंद्रदर्शनामागेही असाच हिशेब आहे. वैखानस स्मार्तसूत्राने ऐंशी वर्षे व आठ महिने पूर्ण करणाऱ्यास सहस्र चंद्र पाहिलेला पुरुष म्हटले आहे. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात हे धरून गणित केल्यास हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षे व सुमारे दहा महिने लागतात. सूत्रकारांचा अंदाज दीडदोन महिन्यांच्या फरकाने बरोबर उतरतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. हजार पौर्णिमा पाहिल्या हा विचार मात्र भयाचा नाही, तृप्तीचा आहे. शांतींच्या मालिकेत उत्सवाचा पहिला स्वर येथे उमटतो, असे म्हणावयास हरकत नाही.

भयाचा हा विधी आनंदाचा कसा झाला, याचा शोध पोथीत लागत नाही. तो घरात घ्यावा लागतो. साठीशांतीच्या दिवशी सकाळी होमहवन झाले, कलशोदकाचा अभिषेक झाला, म्हणजे भटजींचे काम संपते. त्यानंतर जे घडते ते पद्धतिग्रंथांतून फारसे सांगितलेले नाही, पण घरोघर तेच लक्षात राहते. पतिपत्नींना नवी वस्त्रे देऊन पुन्हा वधूवरांप्रमाणे बसवावयाचे. सुनांनी सासूची ओटी भरावयाची. लेकींनी, सुनांनी, नातींनी साठ दिव्यांचे ताट घेऊन ओवाळावयाचे. मुलीजावयांना, व्याह्यांना मानाने बोलवावयाचे. पुरणावरणाचा स्वयंपाक करावयाचा. आणि पंगतीत म्हाताऱ्याला आग्रहाने नाव घ्यावयास लावून हसावयाचे. ज्यांच्या लग्नात एक आठदहा वर्षांची नवरी आणि दुसरा सोळासतरा वर्षांचा नवरा होता, आणि ज्यांना वडीलधाऱ्यांसमक्ष एकमेकांशी बोलण्याचीही मुभा नव्हती, त्यांना चाळीसपंचेचाळीस वर्षांनी आपल्याच मुलानातवंडांसमोर उघडपणे शेजारी बसावयास मिळत असे. या विधीतील खरा आनंद बहुधा हाच होता.

याच्या जोडीला शांतीशी संबंध नसलेली आणखी एक रूढी आहे. पणतू जन्मास आला म्हणजे पणजोबांवर आणि पणजीवर सोन्याची फुले उधळावयाची. चार पिढ्या एका छपराखाली नांदत आहेत, याचा तो गौरव. मनूने अपत्याचे अपत्य पाहताच वनात जाण्यास सांगितले. लोकरूढीने त्याच्याही पुढच्या पिढीचे मुख पाहणाऱ्यावर सोने उधळले. शास्त्रीय आदर्श आणि कौटुंबिक भावना यांतील अंतर दाखविणारे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. या रूढीत वयाची मोजदाद वर्षांनी होत नाही, पिढ्यांनी होते, हा भेदही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

हे प्रसंग विरळा होते, ही गोष्ट आकड्यांवरून कळते. १९०१ ते १९११ या दशकात हिंदुस्थानातील जन्मकालीन सरासरी आयुर्मान तेवीस वर्षांच्या आसपास होते. या आकड्याचा अर्थ त्या काळी वृद्धच नव्हते असा करणे चूक होईल. बालमृत्यूंच्या प्रचंड प्रमाणामुळे सरासरी खाली येते. तथापि प्रौढवयातील मृत्यूही थोडे नव्हते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील अग्रणींची वये पाहिली तरी हे पटते. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले, काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी, आगरकर १८९५ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी, गोखले १९१५ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. न्यायमूर्ती रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. एकोणसाठ वर्षे पुरी होण्यास दोन दिवस उरले होते. अशा काळात साठ वर्षे पुरी करणारा मनुष्य घराला आणि समाजालाही नवलाचा वाटावा, हे स्वाभाविक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या घरगुती प्रसंगाला सार्वजनिक रूप येऊ लागले. त्याची सुरुवात शांतीच्या परंपरेबाहेर झाली, ही गोष्ट बहुधा नजरेआड होते. ११ मे १८८८ रोजी मुंबईतील मांडवी कोळीवाड्याच्या सभागृहात जोतीराव फुले यांचा सत्कार होऊन त्यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. फुल्यांनी वयाची साठी ओलांडली होती आणि त्यांच्या समाजकार्यास चाळीस वर्षे झाली होती. ज्यांनी पुरोहिताच्या मध्यस्थीविरुद्ध आयुष्यभर झगडा केला, त्यांच्या साठीचा गौरव त्यांच्या अनुयायांनी पुरोहिताशिवाय केला. या गौरवात अरिष्टाची कल्पना नव्हती. केलेल्या कार्याची कृतज्ञता होती. सहा महिन्यांच्या आतबाहेरच फुल्यांना अर्धांगवाताने गाठले आणि १८९० मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा हा सत्कार ऐन वेळी झाला असे म्हटले पाहिजे.

दुसरा प्रवाह राज्यकर्त्यांकडून आला. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीस पन्नास वर्षे झाल्याचा समारंभ १८८७ मध्ये व साठ वर्षे झाल्याचा १८९७ मध्ये हिंदुस्थानभर साजरा झाला. पुण्यात तर २२ जून १८९७ च्या हीरक महोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीतून परतणाऱ्या रँडवर चाफेकरांनी गोळी झाडली, त्यामुळे तो दिवस इतिहासात वेगळ्याच कारणाने राहिला. राज्यारोहणाचा हा परकी महोत्सव नाकारला गेला, तरी वर्षांच्या गोळाबेरजेला रौप्य, सुवर्ण, हीरक अशी नावे देण्याची रीत मात्र मराठी समाजाने उचलली, आणि पुढे तीत पंचाहत्तरीच्या ‘अमृतमहोत्सवा’ची आपल्या पद्धतीने भर घातली.

तिसरे कारण नोकरीचे. सरकारी सेवेतून पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होण्याचा नियम होता. केंद्र सरकारने ही मर्यादा १९६२ मध्ये अठ्ठावन्न व १९९८ मध्ये साठ केली. निवृत्तिवेतनामुळे ‘पेन्शनर’ हा नवा सामाजिक वर्ग निर्माण झाला. त्याच्याजवळ नियमित पैसा होता आणि मोकळा वेळही होता. सकाळचा फेरफटका, देवळातील पुराण, दुपारचा सोंगट्यांचा डाव, पानाच्या डब्याभोवतीच्या गप्पा, नातवंडांना हाताशी धरून दाखविलेला बाजार, हे त्याचे दैनंदिन सुख त्या स्थैर्यावर उभे होते. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्या समाजातच नातवंडाला ‘दुधावरची साय’ म्हणण्याची रीत होती. वृद्धाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी एकाच घरात सुखाने नांदत असत.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे प्रवाह एकत्र आले. शके १७७८ च्या नल संवत्सरात जन्मलेल्या लोकमान्य टिळकांची साठी शके १८३८ मध्ये, २३ जुलै १९१६ रोजी, पुण्यात साजरी झाली. लोकांनी एक लाख रुपयांची थैली अर्पण केली आणि टिळकांनी ती राष्ट्रकार्यास दिली. त्याच सुमारास सरकारने त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका व दहादहा हजारांचे दोन जामीन मागितले. तो हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबरात रद्द केला. पुढच्याच वर्षी ६ जुलै १९१७ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांस ऐंशी वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी त्यांच्या नावाच्या प्राच्यविद्या संशोधन मंदिराची पुण्यात स्थापना झाली व त्यांस निबंधसंग्रह अर्पण करण्यात आला. दानाची जागा थैलीने घेतली, कलशाची जागा ग्रंथाने घेतली. गौरवग्रंथाची ही प्रथा विद्वानांत चांगलीच रुजली. धर्मशास्त्राच्या इतिहासात या शांतींचेही विवेचन करणारे पांडुरंग वामन काणे यांनाही १९४१ मध्ये एकसष्टीनिमित्त असाच ग्रंथ अर्पण झाला होता.

या झगझगीत समारंभांच्या मागे एक रिकामी जागा आहे, आणि तिच्याकडे इतिहासाने क्वचितच पाहिले आहे. टिळकांच्या साठीच्या वेळी त्यांच्या शेजारचा पाट रिकामा होता. सत्यभामाबाई १९१२ मध्ये, टिळक मंडालेच्या तुरुंगात असतानाच, निवर्तल्या होत्या. तथापि पत्नी गेल्याने पुरुषाची साठी अडत नाही. याउलट स्थितीचा विचार केला म्हणजे उत्सवाची मर्यादा स्पष्ट होते. शांतीचा यजमान पुरुष. वर्षे मोजावयाची ती त्याची. पत्नी आठदहा वर्षांनी लहान असल्यामुळे तिचा सन्मान होई तेव्हा ती पन्नाशीची असे; आणि तो सन्मान तिच्या वयाचा नसे, सौभाग्याचा असे. ती स्वतः साठ वर्षांची होई तोवर पती हयात असेलच असे नव्हते. वयातील हे अंतर, विधुरांस असलेली व विधवांस नसलेली पुनर्विवाहाची मोकळीक, या दोहोंमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी साठीपुढील हिंदू स्त्रियांत विधवांचीच मोठी बहुसंख्या होती. म्हणजे वार्धक्याचा जो उत्सव रूढ होता, त्यातून प्रत्यक्ष वृद्ध असलेल्या बहुतेक स्त्रिया वगळल्या गेल्या होत्या. इतकेच नव्हे, तर पोटच्या मुलाच्या साठीत त्याला ओवाळण्याचा मानही विधवा आईला नसे. वाती वळाव्या तिने आणि त्या निरांजनात घालून ओवाळावे इतरांनी, अशी ही रीत होती.

मग या स्त्रियांच्या वार्धक्यात आनंद नव्हता काय? नव्हता असे म्हणणे साधनांशी प्रतारणा करणे होईल. त्यांचा आनंद समारंभात नव्हता, रोजच्या व्यवहारात होता. बाळंतिणीची व तान्ह्याची काळजी, लोणच्यापापडांची बेगमी, सुनांना शिकविलेले हातचे, नातवंडांना सांगितलेल्या कहाण्या, कीर्तनाला जाण्याची मुभा, आणि वाढत्या वयाबरोबर मिळालेली बोलण्याची निर्भयता, यांत तो विखुरलेला आहे. लक्ष्मीबाई टिळक १९१९ मध्ये विधवा झाल्या. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून ग्रंथरूपाने आले. साठी उलटलेल्या या लेखिकेने आपल्या आयुष्यातील विपत्तींकडेही हसत पाहिले आहे. आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या वयाला ऐंशीचा उंबरठा दिसू लागला होता. आपले आयुष्य पुन्हा एकदा, आपल्या शब्दांत, आपल्या क्रमाने सांगणे हेही वार्धक्याचे एक सुख आहे. आणि ज्यांच्या वयाची कोणी शांत केली नाही, त्यांनी ते अधिक मोकळेपणाने घेतले आहे, असे या ग्रंथांवरून दिसते.

कर्वे दांपत्याचे उदाहरण या संदर्भात विशेष विचारणीय आहे. बालविधवा असलेल्या गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी ११ मार्च १८९३ रोजी विवाह झाला व त्या आनंदीबाई झाल्या. हा विवाह झाला नसता तर त्यांचे वार्धक्य त्या मोठ्या बहुसंख्येतच गेले असते. तो झाल्यामुळे सत्तावन्न वर्षांचा संसार त्यांना लाभला. १९५० मध्ये त्या वारल्या. आठ वर्षांनी, १८ एप्रिल १९५८ रोजी, कर्व्यांची शताब्दी देशाने साजरी केली. त्यांना भारतरत्न देण्यात आले व त्यांच्या हयातीतच त्यांचे टपाल तिकीट निघाले. याही वेळी शेजारची जागा रिकामीच होती. मात्र ज्या पुरुषाचा हा गौरव झाला, त्याचे जीवितकार्यच विधवेला पुन्हा घरात, पाटावर, पंगतीत आणण्याचे होते. त्यामुळे वार्धक्यगौरवाच्या इतिहासात या शताब्दीचे स्थान निराळे आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या उत्सवात जो पालट झाला, त्याचे श्रेय, थोडेसे अनपेक्षितपणे, त्या उसन्या ‘महोत्सवा’ला द्यावे लागते. अमृतमहोत्सवाला यजमान लागत नाही, सौभाग्याची अट लागत नाही. पंचाहत्तर वर्षे झाली एवढे पुरते. त्यामुळे आईची पंचाहत्तरी करणे मुलांना शक्य झाले, मग वडील हयात असोत वा नसोत. शांतीच्या पाटावर जिला जागा नव्हती, ती सभागृहातील खुर्चीवर बसली आणि लेकीसुनांनी तिला ओवाळले. पणतवंडाच्या जन्मानंतर उधळावयाच्या सोन्याच्या फुलांत ही शक्यता पूर्वीपासूनच दडलेली होती. कारण तेथे मोजावयाच्या त्या पिढ्या होत्या, आणि पिढ्या या तिच्याही होत्याच. शास्त्राने दिलेला विधी संकुचित होता आणि घराची भावना त्याहून मोठी होती. नव्या रीतीने त्या भावनेला केवळ वाट करून दिली.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती आणि त्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त होत्या. साठी आता नवलाची राहिलेली नाही. तिच्यातील अरिष्टाचे भयही ओसरले आहे. आईबापांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये कायदा करावा लागला, यावरून भयाचे स्वरूप बदलले आहे हे मात्र दिसते. पूर्वी मृत्यूची शांत करावी लागे. आता एकाकीपणाची करावयाची आहे, आणि तिचा विधी कोणत्याही पोथीत नाही.

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी साधनांची उणीव नाही. समारंभांच्या निमंत्रणपत्रिका, घरखर्चाच्या वह्या, कुलवृत्तांत, चार पिढ्यांची एकत्र छायाचित्रे आणि स्त्रियांची आत्मचरित्रे अनेक घरांतून पडून आहेत. त्या छायाचित्रांत मधल्या खुर्चीवर कोण बसले आहे हे पाहणे सोपे आहे. कडेला, अर्धवट पदराआड उभी असलेली वृद्ध स्त्री कोण, आणि कोणत्या वर्षापासून ती पुढच्या रांगेत येऊन बसू लागली, हे शोधून काढले तर महाराष्ट्राच्या कौटुंबिक इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण लिहून होईल.